खालच्या अंगाचं अळू

उन्हाळ्यातल्या वाडीची मला किळस येते. हे नागावात बोलून दाखवलं की लोक माझ्याकडे बघत राहतात. बाहेरून येणाऱ्यांना नारळ-सुपारीची सावली दिसते, पाटातलं पाणी दिसतं. पनवेलला दुसऱ्या मजल्यावरच्या घरात वाढलेली मी लग्न होऊन इथं आले, तेव्हा मलाही तेवढंच दिसलं होतं. मग पहिला मे महिना आला.

मे महिन्यात आमच्या वाडीत सगळं एकदम पिकतं आणि एकदम कुजतं. रायवळीचे आंबे पडून फुटतात आणि त्यांच्यावर माश्यांचा थर बसतो. सकाळी ते घमेल्यात गोळा करायचे. वरून धड दिसणारा आंबा उचलावा तर बोटं आत जातात आणि पिवळ्या लगद्यातून बारीक पांढऱ्या अळ्या उडी मारल्यासारख्या बाहेर येतात. उडीच मारतात, मी बघितलं आहे. झाडावरच पिकून गळलेला फणस तर मला उचलताच येत नाही, मी तो फावड्यानं ढकलत नेते. पण सगळ्यात वाईट म्हणजे शेणखताचा खड्डा. पावसाआधी तो उपसावा लागतो, आणि त्यात नारळ पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळ्या असतात. अंगठ्याएवढ्या जाड, दुधाळ, शेपटीकडे काळसर, वेटोळं घालून पडलेल्या. माझे सासरे त्या उघड्या हातानं वेचून डब्यात टाकायचे आणि कोंबड्यांपुढं ओतायचे.

"चावत न्हाय गं ती," ते म्हणायचे.

"चावली असती तर परवडलं असतं, बाबा. मला नुसतं बघून ओकारी येते."

ते हसायचे. ऐंशीच्या घरातला माणूस, सगळा जन्म याच वाडीत गेलेला. त्यांना कशाची किळस येत असेल असं मला वाटतच नव्हतं.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात ते विहिरीच्या काठावर शेवाळावरून घसरले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. नवरा कंपनीत पाळीनं कामाला, दिवसा घरी असला तरी झोपलेला. वाडी माझ्याकडे आली. सासरे हात गळ्यात बांधून ओटीवरच्या खुर्चीत बसायचे आणि तिथून सांगायचे, मी करायची. सकाळी पंप लावून पाणी पाटात सोडायचं, फावड्यानं माती ओढून एका आळ्यातून दुसऱ्यात वळवायचं. पडलेल्या झावळ्या ओढत नेऊन रचायच्या. वाळक्या पानांचा पातेरा झाडायचा. नाक फडक्यानं बांधून आंबे, फणस आणि तो खड्डा. रोज आंघोळ करूनही हाताला आंबूस वास राहायचा, जेवताना घास तोंडाशी नेला की यायचा. मी चमच्यानं जेवायला लागले.

त्यातल्या त्यात एकच काम मला आवडायचं, ते म्हणजे अळूची पानं काढणं. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला, कुंपणाजवळ, काळ्या देठाचं अळू आहे. एरवी उन्हात ते मान टाकतं, कारण पाटाचं पाणी तिथवर जेमतेम पोचतं. त्या वर्षी मात्र ते असं माजलं होतं की पान दोन हातांत मावत नव्हतं. गडद हिरवं, तुकतुकीत.

"एवढं कसं काय आलं हो, बाबा?"

"खाली ओल हाय. जमिनीत पाणी हाय अजून," सासरे म्हणाले. आम्हाला बरंच वाटलं.

मी अळूवड्या करायचा सपाटा लावला. सासऱ्यांना दात नाहीत फारसे, पण अळूचं फदफदं आणि भात ते मिटक्या मारत खायचे. रेवदंड्याला दिलेल्या माझ्या नणंदेला मी वड्यांचे उंडे डबा भरून पाठवले. आणि कुंपणापलीकडच्या बंगल्यावरही दिले.

त्या बंगल्याचं सांगायला हवं. तिथंही पूर्वी वाडीच होती. विकली गेली, झाडं तोडली, पोहण्याचा हौद झाला, आणि आता शनिवार-रविवारी तो पाहुण्यांना भाड्यानं देतात. मालक नवी मुंबईचा, माझ्याच वयाचा, बोलायला गोड. एका शनिवारी त्याच्या राखणदारानं सांगितलं, पाहुण्यांना काहीतरी गावचं खायचंय, ताई. मी वड्या तळून पाठवल्या. मग दर शनिवारी निरोप यायला लागला. मालकानं एकदा कुंपणावरून ओरडून सांगितलं, "ताई, एकदम हिट आहेत तुमच्या वड्या! मीच अर्ध्या संपवल्या." मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

वास येत होता. पण मे महिन्यात वाडीत कुठून वास येत नाही? मला वाटलं उंदीर मेला असेल, सासऱ्यांना वाटलं वाऱ्यावर कुणाच्या तरी वाळवणाच्या मासळीचा असेल. खालच्या अंगाला माश्याही फार झाल्या होत्या, मोठ्या, हिरव्या, अंगावर बसल्या की उठायच्या नाहीत. मी त्याही आंब्यांच्या खात्यावर टाकल्या.

एका सकाळी मी अळूत शिरले. कुंपणाकडची पानं मोठी होती, म्हणून आणखी आत गेले, चप्पल बाहेर काढून, कारण चिखलात चप्पल रुतते. पुढचा पाय ठेवला आणि तो घोट्याच्या वर आत गेला. गार लागेल असं वाटलं होतं. कोमट लागलं. पाय उपसला तेव्हा खालून काळं पाणी बुडबुडत वर आलं आणि जो वास सुटला तो उंदराचा नव्हता, मासळीचा नव्हता. तो कशाचा आहे हे कुणालाही कळलं असतं.

माझ्या पायाच्या बोटांत काहीतरी पांढरं अडकलं होतं. लहान मुलांना पुसायचे ते ओले कागदी रुमाल असतात ना, तसला. मी पाय झटकला, तो निघेना. शेवटी हातानं ओढून काढला. मग अळूची पानं बाजूला सारून बघितलं तर कुंपणाच्या बुडातून करड्या रंगाच्या पाइपाचं तोंड आमच्याकडे आलं होतं, वर व्यवस्थित माती आणि झावळी टाकलेली. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी, राखणदारच असेल, संडासात पाणी ओढलं. तो आवाज मला ऐकू आला, आणि थोड्या वेळानं पाइपातून ते पाणी माझ्यासमोर आलं.

मी तिथंच ओकले. न्हाणीत जाऊन पाय कपडे धुवायच्या ब्रशनं घासले, साबण संपेपर्यंत. बाहेर आले तेव्हा सासरे खुर्चीतून उठून उभे होते. त्यांना सांगणं भाग होतं.

ते हळूच ओटीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "किती दीस खाल्लं गं आपण?"

त्यांनी डाव्या हाताचं बोट घशात घातलं. निघालं काहीच नाही, नुसते उमासे येत राहिले. उघड्या हातानं अळ्या वेचणाऱ्या माणसाला असं बघणं मला त्या वासापेक्षाही असह्य झालं.

शनिवारी मालक आल्याचं कळल्यावर मी तशीच गेले. एका काठीच्या टोकाला तो रुमाल अडकवून नेला. मालक हौदाशेजारी चहा पीत बसला होता.

"या ताई, बसा ना."

"तुमच्या संडासाचा पाइप आमच्या वाडीत सोडलाय तुम्ही."

"नाही हो, ते बाथरूमचं पाणी आहे."

मी काठी त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं खुर्ची मागे सरकवली.

"अहो, शोषखड्डा भरला होता, म्हणून टेम्पररी काढलाय. सीझन संपला की करतोच ना सगळं नीट. आणि खरं सांगू का, झाडांना खतच की ते. तुमचं अळू बघा ना, कसलं भारी आलंय!"

"त्याच अळूच्या वड्या तुम्ही खाल्ल्यात," मी म्हटलं. "दर शनिवारी."

त्याचा कप हातातच राहिला. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मला वाटलं आता तरी हा माणूस माफी मागेल, निदान सासऱ्यांची चौकशी करेल. त्यानं इकडे तिकडे बघितलं, पाहुणे जवळपास नाहीत याची खात्री केली आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, प्लीज, हे कुणाला बोलू नका हं. एक जरी खराब रिव्ह्यू पडला ना, माझा धंदा बसेल."

मी काठी तिथंच टाकून आले.

घरी आल्यावर सासऱ्यांनी मला माडाच्या लाकडाचा तुकडा शोधायला लावला. एका हातानं त्यांना तासता येत नव्हतं, म्हणून ते धरून बसले आणि मी कोयत्यानं तासला. त्याची खुंटी झाली. तिला गोणपाट गुंडाळून आम्ही ती पाइपाच्या तोंडात ठोकली आणि वर सिमेंट थापलं. तोंडाला फडकी बांधून, तिथं गुडघ्यावर बसून. सासरे म्हणाले, "बस आता बोंबलत."

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडे आरडाओरडा ऐकू आला. जे आमच्याकडे येत होतं ते त्याच्या फरशीवर आलं होतं, थेट हौदाच्या काठापर्यंत. पाहुणे बॅगा घेऊन गाडीत बसले. मालक कुंपणापाशी येऊन ओरडला, मी पोलिसांत जाईन, हे बेकायदेशीर आहे. "जा," मी म्हटलं, "पाइप त्यांनाही दाखवते." तो गेला नाही. संध्याकाळी मैला उपसणारी गाडी आली. पुढच्या आठवड्यात रस्त्याच्या बाजूला त्यानं नवी टाकी खणायला घेतली.

अळू आम्ही मुळासकट उपटलं, खड्ड्यात घातलं, वर चुना ओतला. मग उरलं ते सांगण्याचं काम. नणंदेला फोन केला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "वहिनी, तुम्ही मला का सांगितलंत हो? मी पोरांना खाऊ घातलंय ते." तिनं फोन ठेवला. अजूनही आमच्याकडे आली की ती जेवण करूनच येते, पाणीसुद्धा बाटलीतलं आणते. मी आग्रह करत नाही.

विहिरीचं मात्र सासऱ्यांच्या डोक्यातून जाईना. "पान्याला काय, वरून दिसत न्हाय ते कुठं जातंय," ते म्हणत. शेवटी पाणी तपासून आणलं. पिण्याजोगं नाही, असं तपासणाऱ्यांनी सांगितलं. पंप लावून विहीर उपसली, पावडर टाकली, पावसाळ्यानंतर पुन्हा तपासलं. तेच. आता ते पाणी फक्त झाडांना जातं.

पिण्याचं पाणी टेम्पोतून जारमधून येतं. जन्मल्यापासून त्या विहिरीचं पाणी प्यायलेले माझे सासरे आता तांब्या तोंडाला लावायच्या आधी नाकाशी नेतात, हुंगतात, तोंड वाकडं करतात आणि मग डोळे मिटून, औषध घ्यावं तसं ते पितात.