लेबलावरचा धूर

ऑफिसर्स मेसचा हवालदार म्हणून माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी चौदा वर्षं नोकरी केली होती आणि दारूचा एक थेंबही घेतला नव्हता. सुभेदार मेजर साहेबांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "बहुत अच्छा. स्टॉक कभी कम नहीं होगा." विषय संपला.

माझं गाव मुकुटबनजवळ. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी घरातून दारू गेली. माझ्या चुलत्यानं मात्र सोडली नाही. एका बाजाराच्या दिवशी त्यानं स्वस्तातली बाटली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विचारत होता, अजून उजाडलं कसं नाही. ते डोळे परत आले नाहीत. मी तेव्हा सातवीत होतो.

मेसचं काम मी शस्त्रागाराच्या कामासारखंच शिकलो. ०५३० ला उठणं, ०६०० ला ग्लासांची तपासणी, १६०० ला बारचं कपाट उघडून स्टॉक मोजणं. विस्की मला कॅप्टन गावंडे यांनी शिकवली. ते मेस सेक्रेटरी होते. पुसदचे. वडिलांची कापसाची शेती. परेडवर ते हिंदी आणि इंग्रजी बोलत. कपाटापाशी आम्ही दोघंच असलो की वऱ्हाडी.

पहिल्याच दिवशी त्यांनी तीन ग्लासांत थोडी थोडी विस्की ओतली. "नगराळे, पेऊ नका. फक्त वास घ्या. तोंड जरासं उघडं ठेवा."

मी वास घेतला. "साहेब, पयल्यात धूर नाही. मोहाची फुलं वाळत घातली का येते तसा गोड वास हाये. दुसऱ्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा धूर हाये, लांबून आल्यासारखा. तिसऱ्यात ओली माती जळून राह्यली, अन् दवाखाना हाये."

त्यांनी तिन्ही ग्लास पुन्हा हुंगले. "तुमाले हे कोणं शिकवलं?"

"कोणं नाही, साहेब. मायच्या चुलीपाशी बसलो का समजते."

मग त्यांनी मला सगळं समजावलं. थंड मुलखात दलदलीत दबलेली काळी माती असते. ती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर जव सुकवतात. तो धूर विस्कीत उतरतो. कुठे जास्त, कुठे कमी, कुठे अजिबात नाही.

नवीन अधिकारी आला की गावंडे साहेब त्याला एकच प्रश्न विचारत: निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आवडतं का? नाही म्हणाला तर बिनधुराची, गोडसर बाटली. हो म्हणाला पण पगार बेताचा, तर थोडा धूर असलेली मिश्र, म्हणजे ब्लेंडेड. करपलेली सालही आवडते म्हणाला, तरच पूर्ण धुराची, एकाच भट्टीतली सिंगल मॉल्ट, आणि तीही आधी एक पेग घेऊन मग. आजही गावातले लोक मला कोणती बाटली घ्यावी विचारतात आणि मी हेच सांगतो. लेबलावरची वर्षं पाहून जास्त पैसे देऊ नका. पिंपात वर्षं गेली की धूर वाढत नाही, उतरतो. सोडा आणि बर्फ टाकणार असाल तर महागाची घेऊ नका. चमचाभर साधं पाणी टाका, वास आपोआप उघडतो. आणि प्यायची नसेल तर कोणाला कारण सांगत बसू नका. मी कधी सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात घरून येणाऱ्या पत्रांत कापसाच्या पडलेल्या भावाशिवाय दुसरं काही नसे. गावंडे साहेबांच्या पत्रांतही तेच. मी कापसाबद्दल विचारलं की ते म्हणत, "घरातच पडून हाये," आणि स्टॉक रजिस्टर पुढे ओढत.

रेझिंग डेच्या, म्हणजे पलटणीच्या स्थापना दिवसाच्या, डिनरला चाळीस पाहुणे होते. त्यांत पलटणीचे म्हातारे पेन्शनर होते आणि दोन वीर नारी, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नी, होत्या. मेसचे प्रमुख असलेल्या मेजर साहेबांनी एका ओळखीच्या ठेकेदाराकडून बारा बाटल्या मागवल्या. परदेशी, भरपूर धुराची सिंगल मॉल्ट, अर्ध्या किमतीत. मेजर साहेबांचं नाव मी लिहीत नाही.

१६१५ वाजता मी एक बाटली उघडली आणि वास घेतला. दुसरी उघडली. तिसरी उघडली. जळलेली साखर होती, एसेन्स होता. धूर नव्हता. मी बाराही बाटल्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली.

१७३० ला मेजर साहेब आले. "बोतलें बाहर क्यों नहीं?"

"सर, ये विस्की सर्व नहीं होगी."

"तुमने पी के देखी?"

"नहीं सर. मैं पीता नहीं."

"तो तुमको क्या मालूम?"

"लेबल पे धुआँ लिखा है, सर. बोतल में नहीं है."

ते हसले. मग हसणं थांबलं. "चाबी दो. ये ऑर्डर है."

"ऑर्डर लिख के दीजिए, सर. चाबी मैं सीओ साब को दूँगा."

चौदा वर्षांत मी ऑर्डरला नाही म्हटलं नव्हतं. पाय सावधानमध्ये होते. चावी खिशातच होती.

गावंडे साहेब आत आले. मेजर साहेब म्हणाले, "गावंडे, अपने आदमी को समझाओ."

मी चावी गावंडे साहेबांना दिली. ते सेक्रेटरी होते, कपाट त्यांच्याच ताब्यातलं. त्यांनी कपाट उघडलं, ग्लासात थोडी घेतली, वास घेतला आणि हळूच म्हणाले, "मले पक्कं सांगता येत नाही, नगराळे. तुमाले खात्री हाये?"

"धूर नाही याची खात्री हाये, साहेब. बाकीची नाही."

खरं तेवढंच होतं. विषारी स्पिरिट वासावरून ओळखता येत नाही. येतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला फक्त लेबल खोटं आहे एवढं कळलं होतं. जो धुराबद्दल खोटं बोलतो तो आणखी कशाबद्दल बोलत असेल, हे मला माझ्या घरानं शिकवलं होतं.

"तेवढं पुरे," गावंडे साहेब म्हणाले. त्यांनी कुलूप लावलं आणि मेजर साहेबांकडे वळले. "सर, ये फैसला मेरा है. इन पर कुछ लिखना हो तो पहले मेरा नाम लिखिए."

१९०० ला पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, सीओ साहेब, आले. त्यांनी दोन्ही बाजूंचं ऐकून हुकूम दिला. बाटल्या सील करून डॉक्टरांकडे द्या, लॅबला पाठवा. पाहुण्यांना कॅन्टीनची रम. डिनर वेळेवर सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मेजर साहेबांच्या तक्रारीवरून माझ्यावर चार्ज लागला: हुकूम न मानणे. मला मेसमधून काढून क्वार्टर गार्डच्या पहाऱ्यावर टाकलं. गावंडे साहेबांचा ठरलेला ट्रेनिंग कोर्स रद्द झाला. मेसमध्ये लोक माझ्या नाकावर विनोद करत होते, हे मला कळत होतं. मी बूट पॉलिश करत राहिलो.

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. रंग, एसेन्स आणि कारखान्यात वापरायचं स्पिरिट. डॉक्टर साहेब स्वतः गार्डरूमपर्यंत चालत आले. म्हणाले, "दोन-तीन पेगमध्ये डोळे गेले असते. जास्त घेतली असती तर माणूस." चार्ज मागे घेतला गेला. माफी कोणी मागितली नाही. मीही मागितली नव्हती.

गावंडे साहेबांनी रायफल कंपनी मागून घेतली. मीही त्याच कंपनीत गेलो. पुढच्या उन्हाळ्यात, खोऱ्यात अतिरेक्यांना घातलेल्या वेढ्यात, एका कॉर्डनमध्ये, मी कंपनी हेडक्वार्टरच्या रेडिओवर होतो. ०५४० वाजता आवाज आला.

"कंट्रोल, गावंडे साब हिट. ओव्हर."

"हालत बताओ. ओव्हर."

खरखर. मग, "साब नहीं रहे. ओव्हर."

त्यांच्यासोबत लान्स नायक बलबीर आणि शिपाई थोरातही गेले. जिल्हा एक म्हणून साहेबांच्या मृतदेहासोबत पुसदला मला पाठवलं.

अंत्यसंस्कारानंतर तिसऱ्या दिवशी लोक अंगणात बसले होते. समोरची खोली न विकलेल्या कापसानं छतापर्यंत भरलेली होती. साहेबांचे वडील बळवंतराव खांबाला टेकून होते. ते माळकरी, दारूचं नावही न घेणारे. मागे कोणी नातेवाईक शेजाऱ्याला म्हणाला, "फौजेत कायचा? दारूच्या खात्यात होता म्हणते पोरगा."

बळवंतरावांनी ते ऐकलं. मान खाली घातली.

मी उठलो. युनिफॉर्ममध्ये होतो. म्हणालो, "होय, दारूच्या खात्यात होते. मी बी होतो. आता सगळ्यायनं ऐका." आणि बारा बाटल्या, चाळीस पाहुणे, मेजर साहेब, "आधी माझं नाव लिहा", अकरा दिवस, सगळं सांगितलं. आवाज खाली आणला नाही. तो नातेवाईक उठून जाऊ लागला. मी म्हणालो, "बसा." तो बसला.

माझं बोलणं संपलं. बळवंतरावांनी मान वर केली.

"त्यानं हे घरी कधी सांगतलंच नाही," ते म्हणाले. मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "हवालदार साहेब, पुन्हा एकदा सांगा. जरा मोठ्यानं. त्याच्या मायले आत आयकू गेलं नसन."

मी टोपी सरळ केली, दाराकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगितलं.