जोड दिसायला नको

"जोड दिसायला नको," असं म्हणत काका गाडीच्या पत्र्यावरून हळूच अंगठा फिरवायचे. जोड लागला की पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. असा एखादा अंगठा तुमच्याही ओळखीचा असेल.

देवासला ते आमच्या शेजारी राहत. वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा आई माझ्या युनिफॉर्मला ठिगळ लावायची आणि मी दप्तर त्याच्यावर धरून चालायची. कॉलेजसाठी भंगारातून सायकल आणली, तिचा दांडा मधोमध वेल्डिंग केलेला. काकांनी ती निळी रंगवून दिली. "जा पोरी, कुणाला कळणार नाही." खरंच कळलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली.

काका डेंटिंग-पेंटिंगला धारला जात. तिथल्या एका शेठकडे इटलीची जुनी स्पोर्ट्स कार होती. पुढे त्या मॉडेलचं नाव जगभर झालं, पण ही त्याच्याही आधीची. कारखान्यात हातानं ठोकून बनवलेली, पहिली नमुना गाडी. विदेशातल्या संग्रहालयाचे साहेब ती बघायला येणार होते. शेठ काकांना म्हणाले, "भिया, चमका के रखना."

इंग्रजी समजावायला काकांनी मला सोबत नेलं. बसमध्ये सांगत होते, "काय वेडेवाकडे जोड होते गं! आत पेन्सिलीच्या खुणासुद्धा तशाच. पाहुण्यांसमोर बरं दिसतं का? जोड पुट्टीनं भरले, खुणा पुसल्या."

धारला शेठनी गाडीवरची चादर ओढली. गाडी आरशासारखी लाल. साहेबांनी वाकून अंगठा फिरवला, अगदी काकांसारखा. मग हळू आवाजात काही बोलले.

"काय म्हणतात? आवडली ना?"

"काका, ते म्हणतात, मी जोडच बघायला आलो होतो. जोड आणि खुणांवरूनच पहिली गाडी ओळखतात."

"चमकाने बोला था भिया, पोतने नहीं!" शेठ ओरडले. "नमूना गाडी नहीं, तू है!"

सगळे हसले. काकांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. मीही मान खाली घातली. त्याच हातांनी जोड झाकलेल्या सायकलीवर मी इथवर आले होते.

त्यानंतरही काका धारला जात राहिले, शेठ नको म्हणाले तरी. आपणच भरलेली पुट्टी पॉलिश पेपरनं उतरवत बसायचे. जोड वर आले. पेन्सिलीच्या खुणा गेल्या त्या गेल्याच. साहेब पुन्हा आले तेव्हा काकांनी म्हणे त्यांचा अंगठा धरून जोडावर ठेवला. साहेबांनी गाडी संग्रहालयात नेली.

काका आता नाहीत. सायकल गच्चीवर आहे. निळा रंग उडालाय, दांड्यावरचा जोड दिसतो. मी तो झाकलेला नाही.

त्याच सायकलीवर जाऊन मी बी.ए. झाले.