गौतमदादाने बनवलेला पंप

गौतमदादाचा पंप फेल गेला नव्हता.

वर्षभर सगळे तेच म्हणत आले, कारण तसं पहिल्यांदा मी सांगितलं होतं.

आज दादाला जाऊन एक वर्ष झालं. आज खरं लिहितो. ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांनी कमेंटमध्ये द्या, डिलीट करणार नाही.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो. गौतम मिस्त्रीचं गॅरेज आमच्या फाट्यावर, खर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. चार पत्र्यांचं शेड. जुना ट्रॅक्टर बिघडला की माणसं जामखेड गाठायच्या आधी दादाकडे यायची.

माझा ट्रॅक्टर वडिलांनी घेतलेला. गेल्या वर्षी ऐन ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर पॉवर स्टिअरिंग जड झालं. पंप गळायला लागला. सकाळी ऑइल ओतायचं, संध्याकाळपर्यंत ते जमिनीवर. नव्या पंपाची किंमत ऐकली आणि तसाच दादाकडे आलो.

"नवा कशाला? बॉडी झ्याक हाय. सील आन् बेरिंग गेलंय फक्त."

दादाने पेपर अंथरला, पंप खोलला, एकेक पार्ट डिझेलमध्ये धुऊन ओळीत मांडला. शाफ्टवर जुनं सील घासून घासून बारीक खाच पडली होती. दुसऱ्या कुणी शाफ्टच बदलायला लावला असता. दादाने नवं सील जरासं मागं बसवलं, खाच सोडून, गुळगुळीत जागेवर.

मग पुढची चाकं जॅकवर उचलली.

"फिरव. करंगळीनं."

खरंच करंगळीने फिरलं. मी वेड्यासारखा हसलो.

दादा हसला नाही. तो पंपातून निघणाऱ्या रबरी पाईपकडे बघत होता.

"बाळू, पाईपला घाम आलाय बघ." बोट फिरवून दाखवलं. बोटाला ऑइल लागलं होतं. "आतापत्तोर पंपात दमच नव्हता म्हनून ह्यो टिकला. आता लई दाब येनार. जामखेडला जा, मापाचा करून देत्यात. दुपारपत्तोर येशील माघारी."

रानात वापसा आला होता, पेरणीला नेमकी ओल होती. दोन दिवस कडक ऊन पडलं की ओल गेली. शेजारच्या रानात पेरणी सुरू झालेली.

पैसे नव्हते असं नाही. खिशात होते. मला अर्धा दिवस घालवायचा नव्हता, आणि अजून खर्चही करायचा नव्हता. कारण एवढंच.

"पेरनी झाली की बदलू की, दादा."

दादा तीनदा बोलला. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला.

"ट्रॅक्टर माझा हाय. तुमचं काम पंपाचं. ते झालं न्हवं?"

माझं हे वाक्य माझ्याच कानात अजून वाजतं.

दादा शेडमागच्या घरी जेवायला गेला. मी बाकावर बसून राहिलो.

दादाची एक पद्धत होती. स्टिअरिंगचं काम केलं की पहिला फेरा तो स्वतः मारायचा, ओढ्यावरच्या पुलापर्यंत आणि परत. मालकाला शेजारी मडगार्डवर बसवायचा, म्हणजे त्याची खात्री पटते. जेवून आल्यावर तो सीटवर बसला, तसा मीही चढलो.

"उतर खाली."

"का हो?"

"उतर म्हन्लं ना."

मला वाटलं, मघाचा राग आहे. उतरलो. मनात म्हटलंसुद्धा, एवढा ताठा कशाला.

पुलाच्या अलीकडे वळण आहे. पुलाला कठडा नाही. तिथं स्टिअरिंग पूर्ण कापावं लागतं आणि तेव्हाच पाईपवर सगळ्यात जास्त दाब येतो.

पाईप फुटला. ट्रॅक्टर वळलाच नाही. सरळ ओढ्यात गेला आणि दादा त्याच्याखाली.

मी पळत गेलो. एकट्याने ढकलून बघितलं. माणसं जमेपर्यंत दादा गेला होता.

लोक विचारत होते, काय झालं?

मी म्हणालो, "स्टिअरिंगचा पंप गेला."

तेवढंच बोललो. ते गावभर झालं. "जुन्याला टाके घालत बसायचा, त्यातच गेला," असं लोक बोलायला लागले. ज्यांचे पंप दादाने बनवले होते त्यांनी ते काढून नवे बसवले. दादाच्या धाकट्या भावाने गॅरेज चालवून बघितलं, पण गिऱ्हाईक फिरकेना. उन्हाळ्यात कुलूप लागलं. त्या कुलपासमोरून मी रोज जातो.

जामखेडच्या मिस्त्रीने माझा ट्रॅक्टर दुरुस्त केला तेव्हा पंपही खोलून बघितला. म्हणाला, "कुनी बनवला हो? एक थेंब गळत न्हाई. तुमचा पाईप फुटलाय."

तेव्हाही मी गप्प बसलो. माझ्यासारखा भित्रा माणूस मी बघितला नाही. तोच पंप आजही माझ्या ट्रॅक्टरवर चालू आहे.

आज सकाळी मंदावहिनींकडे गेलो, दादाच्या घरी. ही पोस्ट टाकायच्या आधी त्यांना सांगणं भाग होतं. बुद्धवंदना नुकतीच झाली होती. खाली मान घालून सगळं सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "मला ठावं हाय, भाऊ."

मी वर बघितलं.

"जेवताना सांगितलं त्यांनी. बाळू पाईप बदलत न्हाई म्हनले. म्या म्हन्लं, मग ट्रॅक्टर देऊच नका. तर म्हनले, तो आयकनार न्हाई, तसाच पेरायला नेनार. फुटायचा आसंल तर पहिल्या फेऱ्यात माझ्या हातात फुटू दे."

मी विचारलं, वर्षभर बोलला का नाहीत?

"म्या बोलले आसते तर लोक म्हनले आसते, नवऱ्याची बाजू घेती. तुमी बोलायला पायजे हुतं."

म्हणून बोलतोय.

पंप चांगला होता. पाईप माझा होता.

गौतमदादा, जय भीम.