माझ्या आजाराचं बारसं

दुखण्याचे किस्से सांगायला बसलं की लोकांना वाटतं, आता ही रडणार. अहो, रडायला ताकद लागते! माझ्याकडं ती नव्हती, म्हणून नुसते किस्से साठत गेले. जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये मी वीस वर्षं बी तपासते. त्यातली शेवटची चार वर्षं अंग असं दुखतंय, की सकाळी केस विंचरले तरी पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं.

*

रक्त, लघवी, एक्स-रे, एमआरआय, सगळं झालं. शेवटी नवीन जालन्यातले एक डॉक्टर हसून म्हणाले, "अभिनंदन ताई, सगळं नॉर्मल आहे."

आमच्या ह्यांनी येता येता अर्धा किलो पेढे घेतले आणि गल्लीत वाटले. मला पेढ्याचा बॉक्सही धरवेना. शेजारीण म्हणाली, "सगळं चांगलं निघालं, मंग तोंड पाडून का बसलीस?"

आता तिला काय सांगू? काहीतरी निघावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

*

परतूरची मावशी माझा समाचार घ्यायलाच आल्ती. "आजकालच्या बायकांना कामाचा कंटाळा. आण पाठ इकडं, तेल लावते."

पाच मिनिटं चोळलं असेल, तिचा हात थांबला. मागं वळून पाह्यलं तर मावशी खांदा धरून बसलेली. "बारा वर्षं झाली गं. खांदा दुखतो, डोकं दुखतं, पोट बिघडतं, झोप न्हाई. सांगू कुणाला? वरून तर काहीच दिसत न्हाई."

तेलाची वाटी माझ्याकडं आली. ती दुपार आम्ही दोघींनी आळीपाळीनं एकमेकींना चोळण्यात घालवली, आणि कामाच्या कंटाळ्याचं नाव मावशीनं पुन्हा काढलं न्हाई.

*

मंग संभाजीनगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी तासभर ऐकून घेतलं, जागोजागी दाबून पाह्यलं आणि नाव सांगितलं: फायब्रोमायल्जिया. "हे खरं दुखणं आहे. तपासणीत सापडत नाही, एवढंच." औषध दिलं, रोज थोडं चालायला सांगितलं, आणि थकायच्या आधी बसायचं असं बजावलं. खरं सांगते, दवाखान्याच्या पायरीवर मी आनंदानं रडले.

लॅबमध्ये ट्रे धुणाऱ्या शकीला आपाला ते सांगितलं. आपा म्हणाली, "चार साल बिननावाचं फिरलं लेकरू. आता नाव मिळालं ना? मंग बारसं कर."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला तिनं खरोखर डबाभर घुगऱ्या आणल्या. माझ्या दोन्ही पोरांच्या बारशाला घुगऱ्या वाटल्या, पण एवढ्या चवीच्या नव्हत्या.

*

थकायच्या आधी बसायचं म्हणून मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावला. गजर वाजला की मी पाच मिनिटं स्टुलावर. आमच्या साहेबांना ते खुपायला लागलं.

"मॅडम, दिसता तर ठणठणीत. सीझन तोंडावर आलाय. पंधरा दिवस बघतो, न्हाईतर ह्या टेबलावर दुसरं माणूस घेतो."

ते टेबल म्हणजे माझी वीस वर्षं. घरी जाऊन आधी खूप वाईट वाटलं, मंग राग आला. आणि रागात मी फार कामाची बाई आहे.

*

पंधराव्या दिवशी साहेबांना टेबलापाशी बोलावलं. सोयाबीनचे दोन लॉट. दोन्हींचे उगवणीचे रिपोर्ट सारखेच चांगले. मंग दोन्ही गरमीत आणि दमटात ठेवून पुन्हा लावले होते. पहिला तरारून आल्ता, दुसऱ्यातलं अर्धं बी झोपलेलं.

"साहेब, ह्याचा रिपोर्ट तर नॉर्मल होता."

"वीस वर्षं झाली मॅडम तुम्हाला," साहेब वैतागले. "रिपोर्ट नॉर्मल असला म्हणजे झालं का? वरून दिसत न्हाई. ताण पडला की कळतं."

"मंग फेकून द्यायचा?"

"फेकता कशाला? गरमीत ठेवू नका, पेरायची जल्दी करू नका. जपून पेरला की बराबर पीक देतो."

मी माझी फाइल त्या ट्रेशेजारी ठेवली. साहेबांनी एकेक पान उलटलं. नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल. शेवटचं पान डॉक्टरीणबाईंचं होतं.

साहेबांची चाकं लावलेली एक खुर्ची आहे. तिच्यावर ते कुणाला बसू देत न्हाईत. ती त्यांनी स्वतः ढकलत माझ्या टेबलापाशी आणून ठेवली. "गजर चालू ठेवा," म्हणाले आणि गेले. टेबल माझंच राह्यलं.

*

सोमवारी मी त्या खुर्चीत बसलेली. साहेब आले आणि माझ्या स्टुलावर टेकले. हातात माझ्या फाइलीच्या दुप्पट जाडीची फाइल.

"मिसेसची आहे," खाली बघत म्हणाले. "आठ वर्षं झाली. सगळं नॉर्मल. मी रोज तिला म्हणत आलो, दिसतीस तर ठणठणीत."

मी आत हाक मारली, "आपा, घुगऱ्या भिजू घाला."