राहिलेलं एक माप

सरांनी माझा कागद वर धरला. सगळ्या वर्गाला दिसेल असा.

"हे बघा. फुकटातलं ड्रॉइंग."

वर्ग हसला. मी बाकापाशी उभी होते. मेकॅनिकल डिप्लोमाचं दुसरं वर्ष, वर्गात आम्ही मुली मोजून सात. सर ड्रॉइंग शिकवायचे. एका ब्रॅकेटचं, म्हणजे मशिनचा भाग धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीचं, ड्रॉइंग घरून करून आणायचं होतं. कशात काढलंस, असं त्यांनी विचारलं आणि मी खरं ते सांगून बसले. कॉलेजात शिकवतात त्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये नाही काढलं, ओपन सोर्समध्ये काढलं. म्हणजे ज्यांनी बनवलं त्यांनीच सांगून ठेवलंय की घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या.

"तुम्हाला सगळंच फुकट लागतं," सर म्हणाले. "फी फुकट, पुस्तकं फुकट. आता सॉफ्टवेअर पण फुकट."

उभी मी एकटी होते आणि सर 'तुम्हाला' म्हणत होते. कुणाला, ते शेवटच्या बाकापर्यंत समजलं. मला स्कॉलरशिप मिळते. ती कशामुळे मिळते हे हजेरीत माझं आडनाव आलं की सगळ्यांना कळतं. माझे कान तापले. मान खाली गेली. ती खाली का घातली, ह्याचा राग मला आजही येतो.

सरांनी लाल पेनानं कागदावर शून्य काढलं. चांगलं मोठं, गोल. ह्या शीटचे मार्क नसतील तर टर्म मिळत नाही. टर्म नाही तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे वर्ष गेलं.

आता तुम्ही म्हणाल, मग कॉलेजचंच सॉफ्टवेअर वापरायचं ना बाई. वापरलं असतं की. कॉलेजच्या लॅबमध्ये ते चालणारे कॉम्प्युटर दहा, पोरं तिप्पट, आणि साडेचारला कुलूप. विद्यार्थ्यांसाठी ते घरी फुकट मिळतं, हेही खरं. पण डाउनलोड करायचं कशावर? आमच्या घरात नेट म्हणजे आबांचा फोन. आबा म्हणजे माझे वडील. चाकणला एका कंपनीत फिटर आहेत. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवरच्या पेटीत जमा करावा लागतो. म्हणजे शिफ्टभर आमच्या घराचं इंटरनेट त्या पेटीत पडून असायचं. आबा घरी आले की हॉटस्पॉट लावायचे. दिवसाचा डेटा संपला की डाउनलोड बंद. दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस असा खेळ चालला. शेवटी उतरलं एकदाचं, तर लॅपटॉपनं हात टेकले. सेकंडहँड लॅपटॉप तो, त्याला ते पेलेना.

सरांना हे आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "आजकाल नेट कुणाकडे नसतं?" कॉलेजच्या गेटवर 'डिजिटल कॅम्पस'चा फ्लेक्स आहे. वायफायचा पासवर्ड फक्त स्टाफला आहे.

ओपन सोर्सवालं मात्र लहान होतं, एका दिवसाच्या डेटात उतरलं आणि आमच्या लॅपटॉपवर झटक्यात चाललं. व्हिडिओ बघून एकटीच शिकले. सरांच्या कॉम्प्युटरवर उघडेल अशाच फॉरमॅटमध्ये फाइल सेव्ह करून प्रिंटसोबत दिली. सरांनी ती उघडलीच नाही. आणि गंमत बघा, मोठी कंपनी विद्यार्थ्यांना फुकट देते ती सवलत. मी घेतलं ते फुकटातलं.

तास संपल्यावर सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. आता आवाज एकदम मऊ. ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला.

"जुनं व्हर्जन आहे, क्रॅक केलेलं, लायसन्स लागत नाही. तुझ्या डबड्यावर पण चालेल. सगळ्यांनी हेच टाकलंय. उद्या नीट काढून आण, मार्क देतो."

मी घेतला. खोटं कशाला बोलू? "थँक्यू सर" पण म्हणाले. वर्ष वाचलं म्हणून बसमध्ये जरा बरंसुद्धा वाटलं.

कुरुळीला आमची एक खोली आहे. आबा पहिली पाळी करून आले होते आणि मोरीत डबा घासत होते. मी कागद गादीवर टाकला. आबा मूळचे परभणीकडचे, शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी येत नाही, पण ड्रॉइंग वाचतात. रोज ड्रॉइंग समोर ठेवूनच काम करतात. हात पुसून त्यांनी कागद उचलला, खिडकीपाशी नेला आणि बोट फिरवत बघायला लागले.

"ह्यो होल काठापसून किती लांब हाय? लिवलंच न्हाईस. म्या कुठं पाडू तो, तुज्या टाळक्यात?"

मी बघितलं. खरंच एक माप राहिलं होतं. त्या मापाशिवाय ब्रॅकेट बनलाच नसता.

"त्याच्यामुळं शून्य दिलं व्हय मास्तरनं?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरांनी ड्रॉइंग बघितलंच नव्हतं. माझी चूक आबांना मिनिटात दिसली, ती सरांना दिसली नाही, कारण त्यांनी कागदावर नजरच टाकली नव्हती. शून्य ड्रॉइंगला नव्हतं. शून्य मला होतं.

मी आबांना सगळं सांगितलं. काय म्हणाले, वर्ग कसा हसला, पेन ड्राइव्हमध्ये काय आहे, सगळं. आबांनी घासलेला डबा पुसून घेतला. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले,

"रोज सुट्टी झाली की वॉचमन माजा डबा उघडून बगतो. खिसे चाचपतो. अकरा वर्सं झाली. अजून एक नट सापडला न्हाई त्याला." मग पेन ड्राइव्हकडं बघून, "तुज्या मास्तराचा डबा कोण बगतं?"

एवढंच बोलले आणि डबा फळीवर ठेवून दिला. मला रडू आलं. सरांमुळे नाही. तो पेन ड्राइव्ह मी मुठीत धरून घरापर्यंत आणला होता, त्यामुळे.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाल्यावर मी पुढे गेले आणि पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"सर, हे चोरीचं आहे. माझं फुकटातलं आहे, पण चोरीचं नाही."

कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा उतरला.

"बाहेर हो."

"होते सर. आधी माझी फाइल उघडून बघा."

त्यांनी नाही उघडली. मी बाहेर झाले, ती थेट ऑफिसात गेले आणि प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला. दोन प्रती. क्लार्क म्हणाले, "अगं, तोंडी बोल ना सरांशी, कशाला वाढवतेस?" मी म्हणाले, तोंडी पुष्कळ झालं, आवकचा शिक्का मारा. मारला त्यांनी.

वर्गात सगळ्यांना विचारलं, अर्जावर सह्या करता का. सही एकानंही केली नाही. तिघांनी माझ्याकडून ते सॉफ्टवेअर मात्र घेतलं. त्यातला एक तर परवा माझ्यावर सगळ्यात मोठ्यानं हसला होता. दिलं मी त्याला. ते द्यायलाच आहे.

आठवड्यानं विभागप्रमुखांनी बोलावलं. बाजूला सर बसले होते. अर्ज समोर उघडा होता.

"हे मागे घे बाळा. पास होण्यापुरते मार्क देऊन टाकू. तुझंही वर्ष वाचेल."

"देऊन टाकू" म्हणे. म्हणजे परत फुकटातलेच.

"अर्ज पूर्ण वाचला का सर?" मी विभागप्रमुखांना विचारलं.

त्यांनी वाचला नव्हता. म्हणून मीच वाचून दाखवला. उभी राहून, मान वर करून. ड्रॉइंग अमुकच सॉफ्टवेअरमध्ये काढावं असा नियम असेल तर लेखी दाखवा. नसेल तर माझं शून्य रद्द करा. लॅब सहापर्यंत उघडी ठेवा. वायफाय पोरांनाही द्या. आणि शेवटचं वाक्य वाचताना मी सरांकडेच बघत होते.

"माझ्या ड्रॉइंगमध्ये होलचं एक माप द्यायचं राहिलं आहे. ती माझी चूक आहे. त्याचे मार्क कापा. बाकीचे कापायचे असतील तर आधी ड्रॉइंग बघा."

सर खिडकीबाहेर बघत होते. विभागप्रमुख म्हणाले, विचार कर, फॉर्म भरायची तारीख जवळ आली आहे. विचार आधीच झालाय. टर्म अजून मिळालेली नाही. वर्ष जाईल कदाचित. गेलं तर पुढच्या वर्षी ह्याच वर्गात, ह्याच बाकावर बसेन, आणि पहिलं शीट ह्याच सॉफ्टवेअरमध्ये काढून सरांच्या टेबलावर ठेवीन. सगळी मापं देऊन. अर्ज मागे घेणार नाही.