स्टोअररूममधला गवती चहा

कोविडच्या दुसऱ्या लाटेत मी तलासरीच्या सेंटरला रिपोर्ट केलं, तो सोमवार होता. वेळ सकाळी सात पन्नास. ड्यूटी आठला सुरू होणार होती. फौजेत दहा मिनिटं आधी पोचणं म्हणजेच वेळेवर पोचणं.

फौजेत मी नर्सिंग असिस्टंट होतो. बावीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. जखमा बांधल्या, स्ट्रेचर उचलले, बर्फात ऑक्सिजनचे सिलिंडर वाहिले. निवृत्तीनंतर सरावलीच्या घरी बसलो होतो, तेव्हा फोन आला. एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात तीस खाटांचं कोविड सेंटर उघडलं होतं आणि माणसं कमी पडत होती. बायको म्हणाली, "झाली ना एकदा नोकरी करून?" मी जुने बूट काढले आणि पॉलिश करायला बसलो. ती काय समजायचं ते समजली.

सेंटरच्या डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं काम एका वाक्यात सांगितलं. "हवालदारसाहेब, पेशंट मी बघते, स्टाफ तुम्ही सांभाळा. इथला एक माणूस पडला तर बदली द्यायला माझ्याकडे कोणी नाही."

म्हणजे ऑर्डर स्पष्ट होती. आत जाईल तो धडधाकट बाहेर यायला हवा.

मी वॉर्डच्या दारात जमिनीवर लाल टेप लावली. विषारी वायूच्या हल्ल्याची जी ड्रिल आम्हाला फौजेत शिकवत, तीच इथे लावली. प्रत्येकाला एक जोडीदार. जोडीदार समोर उभा असल्याशिवाय पीपीई किट अंगावरून उतरवायचं नाही. आधी गाऊन, मग ग्लोव्ह्ज, मग गॉगल, मास्क सगळ्यात शेवटी आणि टेपच्या बाहेर. प्रत्येक टप्प्याला हात धुवायचे. कोणी घाई केली की मी ओरडायचो.

"फौजीदादा, नवरीचे दागिने उतरवताना पण एवढं कोणी बघत नाय," कमळी म्हणायची.

कमळी धोडी वॉर्ड अटेंडंट होती. वय पंचेचाळीसच्या आसपास. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावरून रोज चालत यायची. पेशंटला पाणी पाजणं, कूस बदलणं, बेडपॅन, सगळं तिच्याकडे. ती डॉक्टर मॅडमना अगंतुगं करायची आणि मला अरेतुरे. तिच्या बोलीत तसंच बोलतात, आणि तिच्या तोंडी ते शोभायचं.

किटमधून आवाज बाहेर पोचत नसे, म्हणून आम्ही दोन वॉकीटॉकी घेतले होते. एक आत, एक माझ्याकडे. मी सगळ्यांना शिकवलं: 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. कमळी ओव्हर कुठेही पेरायची.

"सात नंबरला पाणी पायजे ओव्हर. लवकर पाठव ओव्हर."

आउट मात्र ती कधीच म्हणाली नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "समोरच्याचं बोलायचं राहिलं असलं तर?"

सफाईवाला रमण हा माझ्या डोक्याला ताप होता. चाळिशीचा माणूस, पण जरा पाठ वळली की मागच्या चिकूच्या झाडाखाली तंबाखू मळत बसायचा. त्याला मी दोनदा सगळ्यांसमोर झापलं. तो मान हलवायचा आणि परत चिकूखाली जायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

आता चहाचं सांगतो.

एप्रिलचा उकाडा होता. किटमध्ये चार तास ना पाणी, ना लघवी. माणसं सुकलेल्या बोंबलासारखी बाहेर यायची. बाहेर पत्र्याच्या शेडखाली सावली असली तरी झळा लागायच्या. औषधांच्या स्टोअररूममध्ये मात्र कोणीतरी दान दिलेला एसी होता. मी ऑर्डर काढली. सोळाशे तास, म्हणजे दुपारी चार वाजता, सगळ्यांनी स्टोअररूममध्ये फॉल-इन करायचं. चहा एकत्र. गैरहजेरी चालणार नाही. फौजेत माणसं एका भांड्यातलं खातात तेव्हाच पलटण बनते, हे मी बावीस वर्षं पाहिलं होतं.

कमळी परसातला गवती चहा आणायची. बिनदुधाचा, भरपूर साखरेचा. आम्ही सात जण त्या छोट्या खोलीत खोक्यांवर बसायचो. डॉक्टर मॅडम अर्धा कप घेऊन दोन मिनिटांत पळायच्या. दोन सिस्टर, फार्मासिस्ट, अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, कमळी आणि मी अर्धा तास तिथेच. मास्क अर्थातच काढलेले. कोणी दार उघडं ठेवलं की मीच म्हणायचो, "दार लावा, गारवा जातोय." दिवसातलं हसणं तेवढंच. मला माझ्या त्या ऑर्डरचा अभिमान होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी सहा वाजता माझा घसा खवखवला. मी मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि चारोटीमार्गे सात पन्नासला ड्यूटीवर हजर झालो. सिक रिपोर्ट करणं आमच्या पिढीच्या जवानाला कमीपणाचं वाटायचं. किरकोळ घशासाठी जो आडवा होतो त्याला पलटणीत कामचुकार म्हणतात. मी कोणाला काही बोललो नाही. चार वाजता चहालाही बसलो.

शनिवारी कमळीला ताप आला. मॅडमनी तिला लगेच वेगळं ठेवलं. मी ठरवून टाकलं की किट काढताना कोणाची तरी चूक झाली. रविवारी मी उरलेल्यांना स्टोअररूममध्ये गोळा केलं आणि तासभर ड्रिल समजावली. दार बंद, एसी चालू, आणि मास्क खाली ओढून मी तारस्वरात बोलत होतो. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

मंगळवारी सगळ्यांच्या टेस्ट झाल्या. चहाच्या सातांपैकी पाच पॉझिटिव्ह. त्यात मीही होतो. मॅडम आणि ड्रायव्हर सुटले. ड्रायव्हर त्या आठवड्यात पेशंटना डहाणूच्या हॉस्पिटलला नेण्याच्या फेऱ्यांत अडकला होता, चहाला नव्हताच.

मॅडमनी आम्हा पाचजणांना व्हरांड्यात लांब लांब बसवलं आणि रमणलाही बोलावून खाली अंगणात उभं केलं. त्यांच्या हातात कागद होता. कोण कुठल्या पाळीत, कोणाचा जोडीदार कोण, सगळं लिहिलेलं.

"रमण तर रोज वॉर्ड पुसतो. तो निगेटिव्ह कसा?" त्यांनी विचारलं. "रमण, तू चहाला कुठे बसतोस?"

"मी नाय बसत. चिकूखाली असतो," रमण माझी नजर चुकवत म्हणाला.

मॅडम उठल्या, स्टोअररूमच्या दारात गेल्या, एसीकडे पाहिलं आणि परत आल्या. "वॉर्डात नाही झालं, साहेब. तिथे तुमची ड्रिल पक्की होती. इथे झालं. बंद खोली, मास्क नाहीत, रोज अर्धा तास."

मग त्यांनी पेन उघडलं. "सगळ्यात आधी त्रास कोणाला सुरू झाला?"

मला उत्तर माहीत होतं. गुरुवार, सकाळी सहा. समोर दोन्ही सिस्टर बसल्या होत्या. त्यातल्या एकीच्या घरी सहा महिन्यांचं बाळ होतं. मी खाली वाकून बुटाची लेस सोडली आणि परत बांधली.

कमळीने हात वर केला. "मला. शनवारी."

मॅडमनी कागदावर तिचं नाव पहिलं लिहिलं. मी पाहत राहिलो.

आम्ही बाकीचे हलक्या लक्षणांवर निभावलो. कमळीला लसीचा एकच डोस मिळाला होता आणि तिचा ऑक्सिजन उतरत चालला. तिला वॉर्डातच खाट दिली. ज्या सात नंबरसाठी ती पाणी मागायची, तीच. एक वॉकीटॉकी तिच्या उशाशी होता, दुसरा आमच्या विलगीकरणाच्या खोलीत. शुक्रवारी दहा चाळीसला तो खरखरला.

"फौजीदादा, ऐकतंस का? ओव्हर."

"ऐकतोय. बोल. ओव्हर."

श्वासाचा आवाज आला. मग ती म्हणाली, "चहा माझा होता. माझ्यामुळंच सगळ्यांना झालं ना? ओव्हर."

खोलीत सिस्टर होत्या. फार्मासिस्ट होता. सगळे माझ्याकडे बघत होते. बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. चार शब्द पुरे होते.

"आत्ता आराम कर. नंतर बोलू," मी म्हणालो. "आउट."

अकरा पंधराला तिला डहाणूला हलवलं. खिडकीतून मला स्ट्रेचर दिसला, तिचा चेहरा दिसला नाही. वॉकीटॉकी खाटेवरच राहिला होता. चारोटीच्या पुढे गेल्याचा ड्रायव्हरचा फोन आला, तोवर मी खिडकीतच उभा होतो. रविवारी चौदा वीसला ती गेली. मी विलगीकरणात होतो. खोलीतच सावधान उभा राहिलो आणि सॅल्यूट केला. त्या सॅल्यूटची मला लाज वाटली.

विलगीकरणातून सुटल्यावर मी तिच्या पाड्यावर गेलो. तिचा नवरा देवजी अंगणात बसला होता. मी बसलो नाही. फौजेत रिपोर्ट देतात तसं सगळं सांगितलं. वार, वेळ, घसा, बंद दार, ऑर्डर कोणाची, कागदावर नाव कोणाचं. वॉकीटॉकीवर ती काय म्हणाली आणि मी काय म्हणालो, तेही.

देवजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डहाणूवरून फोन केला तिने. तेच बोलत होती. माझ्या हातून झालं, माझ्या हातून झालं." त्याने मान वर केली. "हे तू तिला का नाय सांगितलं?"

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी परसाकडे पाहिलं. गवती चहा कोणी कापला नव्हता, माजला होता.

तिथून मी थेट मॅडमकडे गेलो आणि कागदावरचं पहिलं नाव बदलून घेतलं.

आता मला कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात नवीन स्टाफला ड्रिल शिकवायला बोलावतात. लाल टेपच्या आधी मी दोन गोष्टी सांगतो. घसा खवखवला तर तोंड उघडा, त्यात कमीपणा नाही. आणि चहा झाडाखाली प्या. कोणी विचारलं की हे कुठून शिकलात, तर रमणचं नाव सांगतो आणि मग कमळी धोडीचं. ड्यूटीवर पडली, असं म्हणतो. तिचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही, म्हणून मी ते मोठ्याने घेतो.

दुपारी चार वाजता मी सरावलीच्या अंगणात एकटाच कप घेऊन बसतो. मी आउट म्हणालो होतो, ती कधीच म्हणाली नाही. म्हणून अजून बोलतो.

कमळी, ऐकतेस का? आधी माझा घसा धरला होता. गुरुवारी. ओव्हर.