आक्काताईची लाथ

"झोप नाही लागणार काका, नुसती गुंगी येईल," असं डॉक्टर शिरगावे सांगतायत तोवर सर्जेराव खोतांच्या पापण्या निम्म्या मिटल्यात. मिरजेतला दवाखाना. खोत टेबलावर पालथे, पाठ उघडी, वर एक्सरेचं वाकडं मशीन. तीस वर्षं एस.टी. चालवून कमरेतली गादी सरकली, नस दबली, आणि आता कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत अशी कळ धावते की माणूस तीन महिने बसलेला नाही. घरात रोज उभ्यानं जेवतो, कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखा. आज त्या सुजलेल्या नसेशेजारी स्टिरॉइडची सुई. लागू पडली तर खोत बसतील. नाही पडली तर सून म्हणते, मामंजींना पंगतीत भिंतीला टेकवून ठेवू.

"हलायचं नाही हं काका."

"न्हाई हलत," खोत म्हणतात, आणि टेबलच हलतं.

गिअर पडतो. टेबल म्हणजे एस.टी.ची मागची लांब सीट, खोत तिच्यावर पालथे. पुढं ड्रायव्हरच्या जागी कुणी नाही, पण गाडी वळणं मात्र झकास घेते. दारातून आक्काताई चढते. खोतांची बायको. वारली त्याला दोन वर्षं झाली, पण पदर खोचलेला आणि घाई तीच.

"अवं, असं पालथं का पडलाय? गाडी कोन चालवतंय?"

"कंबर गेली, आक्का."

"आन् मला सांगितलं न्हाई!"

"तू मेली हुतीस की."

"म्हून काय झालं? शेजारणीजवळ निरोप ठेवायचा. ती बी आलीया वर."

आक्काताई पायाळू. पायांकडून जन्मलेली. अशा माणसानं उसण भरलेल्या कमरेत लाथ घातली की उसण पळते, हे अख्ख्या गावाला पक्कं ठाऊक. सकाळी तिच्या ओसरीवर रांग लागायची. तिनं सरपंचाला लाथ घातलीय, फौजदाराला घातलीय, मतं मागायला आलेल्या दोन्ही उमेदवारांना एकाच सकाळी घातलीय, आणि दोघांनी वाकून नमस्कार केलाय. फक्त नवऱ्याला नाही. नवऱ्याला पाय लावायचा म्हणजे पाप. चाळीस वर्षं खोत विनवण्या करत राहिले. गावाला लाथा आणि यांना विटेचा शेक!

"आता तरी मार गं एक."

"पाप लागंल."

"मेल्यावर कसलं पाप? वर कुनाला तरी इचार."

"इचारलंय," आक्काताई चक्क लाजते. "चालतंय म्हनाले. म्हून तर आले."

गाडीचं दार उघडतं ते थेट ओसरीत. खोत लांब सीटसकट तिथंच. रांग लागलेली आहे, आणि रांगेत पहिले डॉक्टर शिरगावे. अंगात शिशाचा जाड एप्रन, एका हातात सुई, दुसरा हात स्वतःच्याच कमरेवर.

"मावशी, दिवसभर हे ओझं घालून वाकतो मी. आधी मला."

"आक्का, त्यांनी मला सुई द्यायचीय! त्यांना काय झालं तर?"

"रांग म्हंजे रांग. घरचं मानूस शेवटी," आक्काताई म्हणते. जेवायला वाढतानाही तिचा हाच कायदा होता.

धप्प!

डॉक्टर ताडकन सरळ होतात. "वा! मावशी, यात स्टिरॉइड किती?"

"दोन भाकरी आन् ठेचा."

मग खोतांची पाळी. आक्काताई लाथ घालत नाही. आधी नुसता पाय ठेवते. तळवा गार, नुकताच चिखलातून आल्यासारखा ओला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"लागलं तर सांगा हां."

"घाल की जोरात! गावाला घालतीस तशी."

"हलू नगा."

"न्हाई हलत."

धप्प! कळ सरसरत अंगठ्यापर्यंत जाते आणि तिथून, थांबा आल्यागत, खाली उतरते. खोत खो खो हसायला लागतात.

"जाते मी."

"बस की जरा."

"आधी तुमी बसा."

"काका, झालं!" डॉक्टरांचा आवाज. "औषध मस्त पसरलं. पण सुई टोचताना हसणारा पेशंट पहिल्यांदाच बघितला." ते वळतात, हात वर करून आळस देतात. "काय माहीत, आज माझीही कंबर हलकी वाटतेय."

"सर," सिस्टर दचकून म्हणते, "तुमच्या पाठीला काय लागलंय?"

डॉक्टरांच्या हिरव्या डगल्यावर, बरोब्बर कमरेवर, चिखलाचं पाऊल. अनवाणी, बाईमाणसाचं, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. त्या करंगळीला खोत चाळीस वर्षं ओळखतात.

"इथं चिखल आलाच कुठून!" सिस्टर ओला बोळा घेऊन पुढं होते.

"पुसू नका!" खोत ओरडतात. "अवो बाई, हात लावू नका त्याला!"

सिस्टरचा हात हवेतच राहतो. ती पावलाकडं बघतच नाहीये आता. डॉक्टरही नाहीत. दोघं खोतांकडं बघतायत.

"काका," डॉक्टर हळूच म्हणतात, "तुम्ही बसलाय."

खोत खाली बघतात. टेबलाच्या काठावर, पाय खाली सोडून. खरंच की.